अर्ध्या क्रूसाचा समास

दचकू नका. कागदाच्या रिकाम्या बाजूने कुणी बोलायला लागलं तर माणूस दचकणारच, पण इथे दुसरं कुणी नाही. मी समास. अर्जाच्या मजकुराशेजारी जी कोरी जागा सोडतात ना, ती जागा म्हणजे मी. आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त दचकलेलो आहे. माझं सारं आयुष्य भीतीतच गेलं.

समास कशाला असतो, हे लोकांना पटकन कळत नाही. पोथीच्या पानावर असतो तो बोट ठेवायला, म्हणजे वाचणाऱ्याचा ओला अंगठा अक्षरांवर पडत नाही. छापील पुस्तकात असतो तो उंदरासाठी म्हटलं तरी चालेल. कड कुरतडली जाते ती समासाची, मजकूर आत शाबूत राहतो. ते सगळे माझे भाऊबंद, आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. सरकारी अर्जाच्या समासाचं तसं नाही. अर्जाचा कागद उभा दुमडून त्याचे दोन भाग करतात. उजव्या भागात गरजवंताने आपलं गाऱ्हाणं लिहायचं आणि डावा भाग साहेबाच्या शेऱ्यासाठी कोरा सोडायचा. म्हणजे माणूस बोलतो त्या बाजूला, आणि त्याचं पुढे काय होणार ते लिहिलं जातं माझ्या अंगावर. आता तुम्हीच सांगा, भ्यायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म ठाण्याच्या कचेरीबाहेर चिंचेच्या झाडाखाली झाला. विठ्ठलपंत तिथे चटई टाकून लोकांचे अर्ज लिहीत. त्यांनी एक कागद उचलला, मधोमध दुमडला आणि घडीवरून अंगठ्याचं नख करकरून फिरवलं. त्या नखाने मी मजकुरापासून वेगळा झालो. एवढाच माझा जन्म. शेजारी पंतांच्या पेटीत काही जुने अर्ज पडले होते, साहेबाकडून परत आलेले. त्यांच्या समासांवर तांबड्या शाईत एक-दोन शब्द होते. मला वाचता येत नव्हतं, पण तो तांबडा रंग बघून मी घडीशी आणखी चिकटलो.

ते साल गाठीच्या तापाचं होतं. मुंबईहून तो आगगाडीतून कल्याणपर्यंत पोहोचला होता, ठाण्यात घरटी कुजबुज चालू होती, आणि ज्यांना जाण्यासारखं होतं ते गाव सोडून निघाले होते. पंतांच्याही दाराशी बैलगाडी उभी होती. संध्याकाळी ते बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला जाणार होते, म्हणून बोरू जरा घाईनेच चालत होता.

समोर सबीना बसली होती. कोपरीची ख्रिस्ती बाई, नवरा पॉल दूर बोटीवर खलाशी, घरात ती, सासू आणि जुलिया नावाची एकुलती मुलगी. सासू नातीला घेऊन कल्याणला बहिणीकडे गेली होती. परत येताना कल्याणच्या स्टेशनावर डाक्तराने उतारूंची तपासणी केली, तर म्हातारीचं अंग तापलेलं निघालं. तिला इस्पितळात नेलं आणि ती तिथेच गेली. जुलिया धडधाकट होती, पण आजीचा हात धरून उभी होती. म्हणून तिला गावाबाहेरच्या छावणीत ठेवलं. लोक त्या छावणीला कारंटीन म्हणत.

ठरलेले दिवस ताप आला नाही की सोडायचं, असा तिथला नियम. पण त्याच छपरीत दुसरं कुणी तापलं, की सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जुलियाच्या छपरीत तसं झालं होतं, आणि एकदाच नाही. शेजारचं कुणी ना कुणी तापत राहील तोवर पोर सुटणार नाही आणि ती स्वतः तापली की कायमचीच जाईल, एवढं सबीनाला स्पष्ट दिसत होतं. ती रडत नव्हती. लुगड्याचा पदर मुठीत आवळून पंतांच्या बोरूकडे बघत होती.

तिचं मागणं छोटं होतं. ती म्हणाली, पोर माझ्या ताब्यात द्यावी. मी तिला गावात नेणार नाही, माझ्या भावाची मिठागरावर रिकामी खोप आहे तिथे दोघी राहू, भाऊ बांधावर जेवण ठेवून जाईल. पंतांनी ते नीट लिहून काढलं. खोप खरोखर रिकामी आहे याला गावातल्या काही माणसांच्या निशाण्या मजकुराखाली घे आणि उद्या सकाळी कचेरीत दे, असं सांगून त्यांनी दौत बंद केली.

उठता उठता सबीनाने माझ्याकडे बोट केलं आणि ही बाजू कोरी का, असं विचारलं. पंत म्हणाले, ती साहेबाची जागा, तिला हात लावायचा नाही. सबीनाने मला ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखली. विहिरीत वाकून बघणाऱ्याची असते तशी. ती मला घाबरली होती आणि मी पुढच्या शेऱ्याला. अशी आमची ओळख झाली.

कोपरीला तिच्या अंगणात माणसं जमली. भाऊ लिनो होता, होडीवाला. शेजारचा गुणाजी होता, भातशेती करणारा, आणि पलीकडच्या घरातली गंगुबाई. आणखीही लोक आले, कारण अर्ज म्हणजे काय ते बघायचं होतं. गुणाजीने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि अर्धी बाजू मोकळी बघून त्याचं तोंड उतरलं.

त्याला कारण होतं. सबीनाच्या सासऱ्याने एकदा अशाच एका कागदावर निशाणी केली होती. वर थोडा मजकूर, मध्ये मोकळी जागा, खाली निशाणी. पुढे त्या मोकळ्या जागेत चार ओळी उगवल्या आणि कोपरीची त्यांची नारळाची वाडी गेली. त्या आळीत तेव्हापासून कोऱ्या जागेला लोक सापाच्या बिळासारखे भीत. पंतांनी काय सांगितलं ते सबीनाने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं कुणालाच नाही.

गंगुबाई म्हणाली, "साहेब लिहील तवा लिहील. त्याच्याआधी मदी कुणी लिवलं तं? पोरीला द्येऊ नका म्हून लिवलं तं तू कुनाला इचारशील?"

तिने हातातली काचेची बांगडी उतरवली, माझ्या अंगावर ठेवली आणि लिनोच्या हातून टाक घेऊन तिच्या कडेने गोल ओढला. बायकांची निशाणी बांगडी, हे ठीकच आहे. पण ती मजकुराखाली छोटीशी काढतात. गंगुबाईने आख्खी बांगडीच काढली. मग गुणाजीने नांगर काढला, फाळ, रुमणं, सगळ्यासकट. लिनोने वल्हं काढलं. ख्रिस्ती घरांतून जे आले त्यांनी क्रूस काढले. जिथे बोटभर जागा राहिली तिथे पुन्हा कुणाला तरी बोलावून काहीतरी काढून घेतलं. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलो.

सबीनाने मात्र काही काढलं नाही. तिची निशाणी पंतांनी मजकुराखाली आधीच घेतली होती.

एक गोष्ट कबूल करतो. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता शेऱ्याला जागाच नाही, म्हणजे आपल्यावर तांबडं काही पडायचं नाही. इतका मी भित्रा. माझ्या सुटकेत जुलियाची अडचण आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण थकला होता. समास कोरा नसेल तर अर्ज पुढे जात नाही, दुसरा लिहून आणा, असं त्याने सांगितलं. सबीना चिंचेखाली धावत गेली, तर तिथे चटईसुद्धा नव्हती. पंत निघून गेले होते. ती परत आली तेव्हा साहेबाचा घोडा पायऱ्यांशी आणून उभा केला होता. साहेब दौऱ्यावर निघाला होता आणि कधी परतेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सबीना दारातच बसली. "पोर तथं एकली हाय, रावसाहेब," एवढंच म्हणाली.

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आणि कोऱ्या कागदाची एक पट्टी फाडली. खळीच्या वाटीत बोट बुडवून ती त्याने माझ्या डाव्या कडेला चिकटवली. समासालाच समास जोडला म्हणा ना. माझ्या शेजारी ती पांढरी, गारठलेली पट्टी आली आणि तिची थरथर मला जाणवली. कालपर्यंत मी तसाच होतो.

खळ सुकायला कागद खिडकीत ठेवला होता. सबीना तिथे जाऊन उभी राहिली आणि पट्टीकडे टक लावून बघू लागली. मग तिने विचारलं, "ही काडून कुनी दुसरी लावली तं?"

कारकून म्हणाला, कोण कशाला लावील. पण तिचं समाधान झालं नाही. तिने त्याच्या टेबलावरचा टाक उचलला, आणि तो हां हां म्हणेपर्यंत जोडावर क्रूस काढला. क्रूसाचा उभा दांडा बरोबर जोडावरून गेला, एक हात माझ्यावर आला आणि दुसरा पट्टीवर. तिचा हात इतका कापत होता की आडवी रेघ सरळ जाईना. जोडावर टाक अडखळला, रेघ तिथे वाकडी झाली आणि शाईचा एक थेंब दोन्हीकडे पसरला. कारकून चिडला, पण आतून हाक आली आणि तो कागद तसाच घेऊन गेला.

साहेबाच्या टेबलावर काय घडलं ते मी धड पाहिलं नाही. माझा धीरच झाला नाही. शेजारच्या पट्टीवर टाक कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. मग शिक्का आपटला. बाहेर आल्यावर कारकुनाने इंग्रजी शेरा मराठीत वाचून दाखवला. मुलीला ताप नसल्यास आईच्या हवाली करावे, दोघींनी मिठागरावर वेगळे राहावे. शाई काळी होती. सबीनाने तो कागद छातीशी धरला आणि थेट बंदराकडे निघाली.

आगगाडीने जायचं तिच्या मनात नव्हतं. स्टेशनावर तपासणी होते, आपलं अंग जरा गरम लागलं तर आपल्यालाही धरून ठेवतील, ही धास्ती. लिनोची होडी होती आणि खाडीला भरती लागत होती. भरतीवर होडी कल्याणच्या दिशेने आपसूक चढते, लिनोने फक्त वल्हं सांभाळलं. पारसिकचा डोंगर मागे पडला. काठावरच्या गावांतून कुणी हाक मारली नाही. डोंबिवलीच्या शिवारात एका घराचं छप्पर काढलेलं होतं, आत ऊन पडून तापाची हवा जावी म्हणून. त्या घरासमोर एक कुत्रा बसून होता. सबीनाने तिकडून मान वळवली.

मी तिच्या चोळीत होतो. तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की माझ्या घड्या हलत होत्या. तिला घाम सुटला होता. ऊन फार नव्हतं, तो भीतीचा घाम होता, आणि तो खळीपर्यंत पोहोचला. मला जोड सैल झालेला जाणवला. आधी एक टोक सुटलं, मग मधला भाग. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? सबीना डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती. कल्याणचा धक्का आला तेव्हा पट्टी माझ्यापासून पूर्ण सुटली होती.

छावणी माळावर होती. कुडाच्या छपऱ्या, बाहेर बांबूचं कुंपण आणि हवेत गंधकाचा वास. दारावर डाक्तरांचा मदतनीस होता, नाकाला फडकं बांधलेला. त्याने लांब चिमट्यात कागद धरला, धुरीवर फिरवला आणि उलगडला. पट्टी गळून खाली पडली.

त्याने ती उचलली, वाचली, मग मला वाचलं. पुन्हा पट्टी वाचली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हातात एक अर्ज होता आणि त्यावर हुकूम नव्हता. एक हुकूम होता आणि त्यात कुणाचं नाव नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या अर्जाची पट्टी काढून आणली नाही कशावरून? लोक आपलं माणूस सोडवायला काय वाटेल ते करत होते. त्याने दोन्ही कागद परत केले आणि ठाण्याहून नीट जोडून आणायला सांगितलं.

ठाण्यात साहेब नव्हता. तेवढ्यात आतून दोन माणसं एक खाट घेऊन आली, खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर होती. खाट गेली आणि तिच्या मागे कुंपणाशी जुलिया दिसली. बांबूच्या फटीत तोंड घालून उभी होती. तिने आईला हाक मारली नाही. नुसती बघत राहिली, जणू हाक मारली तर आई नाहीशी होईल. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढी भीती मला कधी वाटली नाही.

लिनोने बहिणीचा दंड धरला आणि चल म्हणाला. ती हलली नाही. तिने पट्टी माझ्या शेजारी धरली, वर-खाली केली, आणि मदतनिसासमोर दोन्ही हात पुढे केले.

"ह्यो क्रूस मी काडला हाय," ती म्हणाली. "अर्धा हितं, अर्धा तथं. माजा हात कापत व्हता. तुमी जुळवून बगा, दादा. असा वाकडा दुसऱ्या कुनाला जमंल का?"

मदतनिसाने तोंडावरचं फडकं जरा खाली केलं. मला टेबलावर ठेवलं आणि पट्टी कडेला सरकवत आणली. एक हात दुसऱ्या हाताला मिळाला. अडखळलेली रेघ अडखळलेल्या रेघेला मिळाली. शाईचा फुटलेला थेंब पुन्हा एक झाला. त्याने बोटाने जोडावरून एकदा चाचपलं आणि फडकं पुन्हा नाकावर ओढलं. मग दारावरच्या हवालदाराला म्हणाला, "पोरीला तपासून आणा."

जुलियाच्या काखा बघितल्या, जांघा बघितल्या, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. फाटक उघडलं. सबीनाने लेकीला कडेवर घेतलं, ती कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती तरी. मदतनिसाने हुकुमाची पट्टी दफ्तरासाठी ठेवून घेतली आणि मजकुराच्या पाठीवर पोर तपासून सोडली असं लिहून मला त्यांच्या हातात दिलं, वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला.

त्या मिठागरावरच्या खोपीत आम्ही राहिलो. लिनो बांधावर भाकरी ठेवून लांबून हाक मारायचा. रोज सकाळी उठल्याबरोबर सबीना लेकीच्या काखेत हात घालून गाठ चाचपायची. हात घालताना तिचा श्वास थांबायचा, माझाही थांबायचा. गाठ आली नाही.

ताप आला तो कोपरीत आला. आम्ही मिठागरावर होतो तेव्हाच तो आळीत शिरला. आधी गुणाजी गेला. मग गंगुबाई, मग क्रूस काढणाऱ्यांपैकी कितीतरी. खोपीतून आम्हाला आळीतला धूर दिसायचा. लिनो एक दिवस बांधावर आला, भाकरी ठेवली, आणि कोण कोण गेलं ते सांगता सांगता खाली बसला. सबीना मला उलगडून बसली होती. नाव आलं की ती त्या निशाणीवर बोट ठेवायची.

आता ते सगळं मागे पडलंय. मी सबीनाच्या पत्र्याच्या पेटीत असतो, जुलियाच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याखाली. उजव्या बाजूचा मजकूर कुणी वाचत नाही, त्याचं काम झालं. कधीमधी सबीना मला काढते ती माझ्यासाठी. गंगुबाईची दुसरी काही खूण आळीत उरली नाही, पण तिची बांगडी माझ्यावर आहे, मनगटाच्या मापाची. गुणाजीचा नांगर आहे. साहेबाची म्हणून सोडलेली जागा शेवटी त्यांची झाली.

जुलिया आता शाळेत जाते, लिहायला शिकते. परवा तिने पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि माझ्या कडेवरचा अर्धा क्रूस तिच्या नजरेस पडला. एकच हात, तोही वाकडा. तिला वाटलं, आईने अर्धवट सोडला. तिने टाक शाईत बुडवला आणि माझ्या कडेखाली दुसरा कागद सरकवून राहिलेला हात काढायला वाकली. टाकाचं टोक इतकं जवळ आलं की मला जुनं कापरं भरलं.

सबीनाने तिचा हात वरच्या वर धरला.

"नको, पोरी. त्यो दुसरा हात कल्याणला ठेवलाय," ती म्हणाली. "म्हून तू हितं हायेस."

जुलियाने टाक खाली ठेवला. मला घडी घालून पेटीत ठेवताना तिने घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, अगदी पंतांसारखं, पण हळू. झाकण लागलं. मी अजून भितो, ते काही सुटणार नाही. तुम्ही मात्र कागदावर लिहाल तेव्हा माझ्यासाठी थोडी जागा सोडा, आणि माझ्यावर काही लिहिण्याआधी पलीकडच्या बाजूला कोण बोलतंय ते एकदा वाचा.